जुना छोटा हत्ती घेताना आणि त्याचा हौदा भरताना

गाडी घेतल्यावर आठ दिवसांतच मी नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला ४८ क्रेट घेऊन निघालो होतो. तीन थर. खाली सोळा, त्यावर सोळा, त्यावर सोळा. हौद्यात जागा होती, दोर होता, मग अडचण काय? गाव सोडून डांबरीला लागलो आणि स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं लागायला लागलं. मला वाटलं, वा, गाडी काय मऊ चालते! मार्केटच्या गेटवर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मागचं चाक बघितलं, कमानपाटे (चाकावरचे स्प्रिंगचे पट्टे) उलटे वाकलेले बघितले आणि एवढंच म्हणाला, "पोरा, हत्ती म्हणून घेतलास, पण नावात आधी छोटा आहे."

स्टिअरिंग हलकं लागत होतं, कारण मागच्या ओझ्याने पुढची चाकं जमिनीवर नीट टेकतच नव्हती. हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं. पहिली जुनी छोटी मालगाडी घेणाऱ्याला हे आधीच माहीत असावं म्हणून हा लेख. मी लिहितोय ते टाटा एसबद्दल, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीबद्दल. मॅक्सिमो, जीतो किंवा सुपर कॅरी घेणार असाल तर आकडे बदलतील, पण रीत हीच.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घ्या

टाटा एस २००५ साली आली. तोपर्यंत बाजारात एका बाजूला तीनचाकी टेम्पो होता, दुसऱ्या बाजूला चार-सहा टनांचे ट्रक. मधल्या रिकाम्या जागेत ही चारचाकी बसली. जुन्या डिझेल एसमध्ये दोन सिलिंडरचं, ७०० सीसीच्या आसपासचं इंजिन, ताकद १६ हॉर्सपॉवर. आजकालच्या बुलेटला याहून जास्त असते. गियर चार. टर्बो नाही. पुढेमागे दोन्हीकडे कमानपाटे. इंजिन सीटखाली. सीट उचलली की मेकॅनिकचं निम्मं काम समोर दिसतं.

हा साधेपणा हाच जुनी गाडी घेण्यामागचा खरा हिशेब. बिघाड झाला तर तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात ती दुरुस्त होते, स्पेअर मिळतात आणि लॅपटॉप लावणारा माणूस शोधावा लागत नाही. दुसरी बाजूही सांगतो. १६ घोडे म्हणजे सोळाच. ७०० किलो माल घेऊन माळशेजसारखा घाट चढताना मागे गाड्यांची रांग लागणार आणि हॉर्न ऐकावे लागणार. ते ऐकून घ्यायची तयारी नसेल तर एक टनाच्या पुढची पिकअप बघा, पैसे जास्त मोजा.

रोजचा माल किती, हे आधी वहीत लिहा. आठवड्यात चार फेऱ्या सहाशे किलोच्या असतील तर छोटा हत्ती पुरतो. रोज टनभर असेल तर तो पुरत नाही, आणि "दोन फेऱ्या मारू" असं म्हणणारा माणूस सुगीत दोन फेऱ्या मारत नाही, एकातच कोंबतो. हे अनुभवाने सांगतोय.

गाडी बघायला सकाळी जा

विकणाऱ्याला सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका, मी आल्यावर सुरू करा. गरम इंजिन सगळं लपवतं. थंड इंजिनवर हीटर प्लग कसे चालतात, पहिला धूर कसला येतो हे कळतं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर दोन मिनिटांत गेला तर ठीक. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल पितंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तो कधी एअर फिल्टर बदलूनही जातो, त्यामुळे काळ्या धुराने घाबरू नका, निळ्याने घाबरा.

रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या पॅकिंगचा, संशय घ्यायचा आणि चहा पिऊन घरी यायचं.

मग गाडीखाली झोपा. लाज वाटून घेऊ नका, जुनी पोती बरोबर न्या. तीन गोष्टी बघायच्या. एक, केबिनच्या मागे चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) वेल्डिंगचे डाग आहेत का. दोन, कमानपाट्यांत जादा पाटा घातलाय का. विकणारा अभिमानाने सांगेल, "एक पाटा एक्स्ट्रा टाकलाय, कितीही भरा." याचा अर्थ त्याने कितीही भरलंय. जादा पाट्याने स्प्रिंग तुटत नाही एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर यांची ताकद तेवढीच राहते. तीन, हौद्याच्या तळाचा पत्रा. वरून रबरी मॅट टाकलेली असेल तर ती उचलायला लावा. मीठ, खत, ओली भाजी वाहिलेल्या गाडीचा तळ पापडासारखा झालेला असतो.

उभं राहून एकदा लांबून बघा. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा उलटं, असेल तर चासी बसली आहे. मी ज्या चार गाड्या नाकारल्या त्यातल्या दोन या फटीवर नाकारल्या.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) किंवा बेअरिंग गेलंय. ही खराबी दुरुस्त होते, पण भावात धरा. टायर एकाच बाजूने झिजलेत का तेही तेव्हाच दिसतं.

शेवटी चालवून बघा, आणि जमलं तर दोनतीनशे किलो माल टाकून. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते.

कागद

यात कंटाळा केलात तर गाडी स्वस्त मिळूनही महाग पडेल. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून फिटनेस, विमा, टॅक्स, पीयूसी कधीपर्यंत आहेत ते स्वतः बघा आणि ई-चलान किती थकलंय तेही. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का, तेही.

मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणजे तुमच्या जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग आलंच. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर पासिंगची फी बरीच वाढते, तेव्हा सौदा करण्याआधी आरटीओत चालू दर विचारून घ्या. विम्याचंही तेच. थर्ड पार्टी विमा गाडीच्या किमतीवर नसतो, एकूण वजनाच्या गटावर असतो. साडेसात टनांखालच्या मालगाडीला तो वर्षाला १६ हजारांच्या घरात जातो. लाखाची जुनी गाडी असो की सहा लाखांची नवी, आकडा तोच. नवख्याला हा पहिला धक्का असतो.

दोन गोष्टी मात्र सोप्या आहेत. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ खाली परमिट लागत नाही, आणि एसचं एकूण वजन १,५५० किलोच्या आसपास आहे. परवान्याचा घोळही मिटला आहे. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं.

नावावर करणं लांबवू नका. एजंट म्हणतो, "फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात, तुमच्या सवडीने ट्रान्सफर करा." कोऱ्या सह्या म्हणजे ट्रान्सफर नव्हे. फॉर्म २९ आणि ३० भरून राज्यातल्या राज्यात खरेदी करणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा नावावर करायला १४ दिवस. मी विम्याचं विसरलो होतो. नशिबाने त्या काळात काही झालं नाही, एवढंच म्हणतो.

पहिल्या आठवड्यात

आधीच्या मालकाने "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय" असं सांगितलं तरी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदला. फॅन बेल्टला चिरा असतील तर नवा घाला आणि जुना सीटमागे ठेवून द्या, अडीअडचणीला उपयोगी पडतो. ग्रीसिंग सगळीकडे करून घ्या. रेडिएटरच्या जाळीत शेतातला चिखल आणि भुसा बसलेला असतो. तो मागून पुढे पाण्याचा हलका झोत मारून काढा. जोरात मारला तर जाळीची पाती वाकतात. साध्या पाण्यावर चालवत असाल तर कूलंट भरा. मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढताना काटा लालकडे जायला लागला की हा खर्च आठवेल.

टायरमध्ये हवा किती, हे पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. रिकामी आणि भरलेली यांचे आकडे वेगळे असतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले आकडे केबिनच्या दारावर आतून रंगाने लिहून टाका. आणि स्टेपनी काढून बघा. जुन्या गाडीची स्टेपनी बहुतेक वेळा दिखाव्याचीच असते.

रिकामी गाडी काट्यावर न्या

हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यात आधी करायला हवं ते हेच. जवळच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी नेऊन काटा करा. शेपन्नास रुपयांचं काम.

आरसीवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची कुवत. माझ्या गाडीला तो साधारण ७५० किलो. पण या ७५० मध्ये तुम्ही स्वतः आलात, मदतनीस आला, आणि गाडीला मागाहून जोडलेला सगळा बारदाना आला. मी केबिनमध्ये बसून काटा केला तेव्हा आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा १५० किलो जास्त भरले. त्यात मी ६५. उरलेले ८५ कुठून आले? आधीच्या मालकाने हौद्यावर लोखंडी अँगलचा पिंजरा वेल्ड केला होता. सीटमागे दोन जॅक, एक तुटका पाटा, साखळदंड, कसलेसे नटबोल्ट भरलेला डबा. पिंजऱ्याचा वरचा निम्मा भाग कापला, भंगार विकलं आणि सत्तर किलो परत मिळवले.

म्हणजे हातात राहिले ६७० किलो. टोमॅटोचं भरलेलं क्रेट, क्रेटच्या वजनासकट, २२ किलो धरलं तर ३० क्रेट. बरोबर मदतनीस असेल तर २७. आणि मी नेले होते ४८, तेही पिंजरा असताना.

हौद्याचा नकाशा

टेप घेऊन हौदा आतून मोजा. माझा ७ फूट २ इंच लांब, ४ फूट १० इंच रुंद, आणि फाळक्याची (हौद्याच्या कडेच्या उघडणाऱ्या पत्र्याची) उंची एक फुटाच्या आसपास. नेहमीचं भाजीचं क्रेट ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद. लांबीत चार बसतात, रुंदीत चार बसतात, एक थर सोळाचा. हे इतकं नेमकं बसतं की मोह होतो. पहिला थर फाळक्याच्या उंचीला येतो, दुसरा त्याच्या वर. दोन थरांत ३२ होतात, मला चालतात ३०. म्हणून वरच्या थरातल्या मागच्या दोन जागा मी रिकामी सोडतो. तिथे ताडपत्री आणि दोर.

ही आकडेमोड एकदा कराल तेव्हा लक्षात येईल की हा हौदा जागेने भरत नाही, वजनाने भरतो, आणि दरवेळी वेगळ्या उंचीला भरतो. सिमेंटची पोती ५० किलोची. तेरा पोत्यांत माझी गाडी भरली. तेरा पोती हौद्यात टाकून बघा, दुकानदार हसेल, "बास एवढीच?" अर्ध्याहून जास्त उंची मोकळी दिसते. वाळूचं तर विचारूच नका. हौद्यात फाळक्यापर्यंत सपाट भरली तर पस्तीसेक घनफूट, म्हणजे ब्रासचा तिसरा हिस्सा. वजन दीड टनाच्या वर. दुप्पट! वाळू मी पाच इंचांच्या आत, बोटाने फाळक्यावर खूण करून, तिथपर्यंतच घेतो. ओली असेल तर त्याहून कमी.

उलट कडबा, गाद्या, फ्लॉवर. यांत वजन कमी आणि जागा संपते. तिथे भीती वाऱ्याची आणि उंचीची.

कायदा दोन्हीकडून धरतो. जादा वजनाला कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल बाजूला, पुढे, मागे किंवा मर्यादेपेक्षा वर बाहेर आला तर वेगळे २० हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. महिन्याची भाड्याची कमाई एका नाक्यावर जाते.

कुठे काय ठेवायचं

जड माल खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. म्हणजे हौद्याच्या मधोमध किंवा जरा केबिनकडे. मागच्या चाकांच्या पाठीमागे ठेवलेलं प्रत्येक जड ओझं पुढच्या चाकांना उचलायला बघतं. ते हलकं स्टिअरिंग म्हणजे हेच. पाण्याची मोटर, गिरणीचा दगड, इंजिन असलं छोटं पण वजनदार सामान असेल तर हमाल ते हमखास फाळक्यापाशी ठेवून मोकळा होतो, कारण त्याला आत सरकवायचं नसतं. त्याला दोन रुपये जास्त द्या, पण आत सरकवून घ्या. डावी-उजवी बाजूही सारखी हवी. गाडी मागून बघितली तर फाळक्याची कड रस्त्याला समांतर दिसली पाहिजे.

पाण्याच्या टाकीला एक खास इशारा. फवारणीसाठी ५०० लिटरची टाकी नेताय, ती पूर्ण भरा किंवा रिकामी न्या. अर्धी टाकी वळणावर एका बाजूला धावते आणि तुम्ही स्टिअरिंग सावरत बसता. ५०० लिटर म्हणजे टाकी सोडून ५०० किलो, हेही विसरू नका.

प्लायवूडची आठ बाय चारची शीट लांबीत बसत नाही, फाळका उघडून ठेवायचा मोह होतो. उघडा फाळका खाली लोंबला तर नंबरप्लेट आणि दिवे झाकतो का ते बघा, झाकत असेल तर नको. मी शीटची एक कड फाळक्याच्या आत टेकवतो आणि दुसरी केबिनमागच्या जाळीवर तिरपी चढवतो. वारा वरून निघून जातो, शीटखाली बाकीचं सामान बसतं.

फ्रिज उभाच न्या. कपाट पाठीवर झोपवून, दारं दोराने बांधून, खाली जुनी सतरंजी. कोथिंबीर-मेथी रात्री भरायची, जुड्यांचे देठ बाहेरच्या बाजूला, वर ओलं बारदान. त्यावर ताडपत्री घट्ट आवळली तर पहाटेपर्यंत आत उकडून पानं पिवळी पडतात. मागची कड हातभर मोकळी ठेवा.

माणसं हौद्यात बसवू नका. मजूर म्हणतात, "दादा, वावरापर्यंतच तर जायचंय." मालगाडीच्या हौद्यातल्या फुकट प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे. म्हणजे ती तुमच्यावर येते, जमिनीसकट. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर येऊ शकतो, पण तो केबिनमध्ये.

दोर

रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) चांगले, दोन तरी घेऊन ठेवा. पण दोर बांधता आलाच पाहिजे, कारण पट्टा नेमका घरी राहतो.

दोराचं एक टोक केबिनकडच्या हुकाला निरगाठीने पक्कं करा. दोर मालावरून पलीकडे टाका. आता पलीकडच्या हुकाच्या वर दीडेक फुटावर, दोराच्या मध्यातच, सुरगाठीने एक फास तयार करा. दोराचं मोकळं टोक हुकाखालून घेऊन वर त्या फासातून ओवा आणि खाली खेचा. फास कप्पीसारखं काम करतो. नुसत्या हाताने ओढून जेवढा ताण येतो त्याच्या जवळपास दुप्पट येतो. ताण धरून ठेवत फासापाशी दोन वेढे घाला आणि टोकाची सुरगाठ मारा, म्हणजे मार्केटला एका झटक्यात सुटेल. निरगाठ मारलीत तर पहाटे तीन वाजता, थंडीने बोटं आखडलेली असताना, दाताने सोडवावी लागेल.

क्रेट असतील तर मागून पुढे एक आणि आडवे दोन, एवढे दोर हवेत. दोर सरळ क्रेटच्या कडेवर आवळला तर वरचे टोमॅटो दबतात, म्हणून कडेला जुन्या टायरट्यूबचे तुकडे.

निघाल्यावर तीन-चार किलोमीटरवर थांबा आणि सगळे दोर पुन्हा हाताने दाबून बघा. माल बसलेला असतो, दोर ढिला पडलेला असतो. ही एक सवय मी पोराला गाडी द्यायच्या आधी घोटून घेतली.

भरल्या गाडीने

रिकाम्या गाडीच्या ब्रेकची सवय विसरा. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. गतिरोधकावर एक चाक आधी, मग दुसरं, असं तिरकं चढवलं तर हौद्याला पीळ बसतो आणि वरचा थर सरकतो, सरळच घ्या. ज्या गियरने घाट चढला असता त्याच गियरने उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस घाटाच्या अर्ध्यात पोचेपर्यंत ब्रेक तापवतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. चढावर काटा वर जायला लागला तर बाजूला घेऊन थांबा, इंजिन लगेच बंद करू नका, जरा चालू ठेवा. झाकण तेव्हा अजिबात उघडायचं नाही.

गाडी उसनी मागणारे

हा भाग मेकॅनिकच्या पुस्तकात नसतो. गावात छोटा हत्ती घेतलात की तुमचे पाहुणे वाढतात. कुणाची खताची गोणी, कुणाचं लग्नाचं सामान, कुणाची गिरणी. डिझेल टाकून देतात, बाकी काही नाही. मी आता एकच विचारतो: "आबा, माल काय आणि किती किलो?" आकडा सांगता आला नाही तर गाडी मीच चालवतो आणि मीच भरतो. यावर माझी चुलत आत्या दोन महिने बोलत नव्हती. तिच्या नव्या घराच्या फरशीसाठी मी दोन फेऱ्या करायला लावल्या होत्या. फरशी कागदी बॉक्समध्ये असते, दिसायला छोटी, आणि बॉक्सवर वजन छापलेलं असतं. ते वाचून गुणाकार केला होता, बस्स.

फेरी संपली की हौदा झाडून घ्या, खत वाहिलं असेल तर त्याच दिवशी धुवा. तळाला पाणी जायची भोकं असतात, ती माती आणि कांद्याच्या पातींनी बुजतात; जाड तार घालून मोकळी करा. मी गाडी अंगणात उताराला मागचं तोंड करून, फाळका उघडून लावतो. चाकामागे दगड घालतो. सकाळपर्यंत तळ कोरडा.